मूळ संख्या आणि एका चिन्हाची चूक
१ पेक्षा मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज विभाजक नसतो, ती मूळ संख्या होय. ती ओळखण्यासाठी संगणकाचा प्रोग्राम २ पासून क्रमाने भाग देत वर्गमुळापर्यंत जातो, कारण मूळ नसलेल्या संख्येचा एक तरी विभाजक तेवढ्यात सापडतोच. मात्र कुठवर जायचे हे ठरवणाऱ्या अटीत ‘लहान किंवा समान’ऐवजी केवळ ‘लहान’ असे चिन्ह पडले, तर ४, ९, २५ आणि ४९ हे मूळ संख्यांचे वर्गही यादीत शिरतात आणि १०० पर्यंतच्या मूळ संख्या २५ ऐवजी २९ भरतात. म्हणूनच ज्ञात उत्तराशी ताळा पाहणे आणि सीमेवरच्या संख्या प्रथम तपासणे, ही दोषशोधनाची, म्हणजे चूक हुडकून दुरुस्त करण्याची, विश्वासार्ह रीत ठरते.