छाट



'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या आयाबायांच्या तोंडी कोणी घातली? जे रोज ती पायरी चढतात त्यांनीच. 1927 ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले. कोर्टात आधी कोण धावलं? सवर्ण. बाबासाहेब तळ्यावर लढले, कोर्टातही लढले. 1937 ला हायकोर्टात आपण जिंकलो. दहा वर्षं लागली.

आता आपल्या सोलापूरचं बोलू. इथं बायका मांडीवर सूप घेऊन घरोघरी विड्या वळतात. 1977 ला सरकारनं विडीधंद्याला प्रॉव्हिडंट फंड लागू केला. लगेच कारखानदार कोर्टात. म्हणे, घरी बसून वळणारी बाई आमची कामगारच नाही. 1985 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, आहे. कशावरून? छाटीवरून. विडी पसंत नाही म्हणून बाजूला काढायचा हक्क ज्याच्या हातात, कामावर ताबा त्याचा. म्हणजे मालक तोच. ज्या छाटीनं बाईच्या पोटावर पाय दिला, तीच छाट तिची साक्षीदार झाली.

मी गोदीत ओझी उचलतो. ठेकेदार मलाही म्हणतो, तू आमचा माणूस नाहीस. हे वाक्य सगळीकडं एकच आहे.

माझ्या मावशीनं पस्तीस वर्षं विड्या वळल्या. पेन्शनच्या खिडकीवर साहेब म्हणाला, दहा वर्षं भरत नाहीत, कागदावर सातच आहेत. मग बाकीची वर्षं कोणी गिळली? मावशी म्हणते, ''जाऊ दे की बे, हजार रुपड्यासाठी कोण भांडत बसतंय.''

सवाल हजाराचा नाय. सरकारनं 31 मार्च 1979 ही तारीख आखून पेन्शनरांचे दोन भाग केले होते. त्या तारखेनंतर रिटायर होणाऱ्यांना वाढीव, आधीच्यांना जुनंच. डी. एस. नकारा कोर्टात गेले. 1982 ला सुप्रीम कोर्टानं ती रेघ पुसली आणि सांगितलं, पेन्शन ही मेहरबानी नाही, हक्क आहे. ते सरकारी नोकर होते. साहेबाला हक्क आणि मावशीला मेहरबानी, हे कसं चालेल?

म्हणून तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. लेखी मागा, कारणासकट मागा. पान-तंबाखूच्या चिठ्ठ्या, कार्ड, पासबुक चुलीत घालू नका. शेजारणीची साक्ष घ्या. वकिलाला पैसे नाहीत? बाईला आणि दलिताला फुकट वकील मिळायचा हक्क 1987 च्या कायद्यात आहे, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं दार वाजवा.

कोर्ट काही देव नाही. तारखा मोजता मोजता माणूस मरतो. म्हणून मोर्चाही पाहिजे. पण मोर्च्याच्या हातात कागद पाहिजे.

मावशीचा अर्ज मी लिहिला. कवितेपेक्षा जड गेला. खाली तिनं अंगठा नाही, सही केली. आजवर त्यांनी आपली छाट काढली. आता त्यांच्या हुकमाची छाट आपण काढू.

जयभीम.