वारशाचा नवा ठेका
(शाळेच्या हीरकमहोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘डीजे’ हा शब्द ऐकताच आज मराठी घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. विसर्जनाची मिरवणूक, ध्वनिवर्धकांची भिंत आणि हादरणारी तावदाने, एवढेच चित्र त्या शब्दाने उभे राहते. मुळात मात्र हा शब्द यंत्राचा नसून माणसाचा आहे. समोरच्या श्रोत्यांचा कल ओळखून कोणत्या तबकडीमागून कोणती तबकडी लावावी, हे ठरवणारा तो ‘डिस्क जॉकी’. अशाच एका माणसाने मायदेशाची गाणी परदेशी तरुणांच्या पायांत नेऊन पोहोचवली. त्यांचे नाव बाली सागू. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा जिवंत ठेवणाऱ्या समाजाने त्यांच्या कारकिर्दीकडे आस्थेने पाहावे, असे तिच्यात पुष्कळ आहे.

बाली सागू यांचा जन्म १९६४ साली दिल्लीत झाला आणि ते वाढले इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात. दुसऱ्या महायुद्धानंतर या शहराच्या परिसरातील ओतशाळांना आणि कारखान्यांना मनुष्यबळ हवे होते. पंजाबातून अनेक कुटुंबे तेथे गेली. याच शहराच्या हँड्सवर्थ भागात कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसेही शेजारी राहत होती. एका घरातून ढोलकीचा ठेका ऐकू येई, तर पलीकडच्या घरातून रेगेचा खोल, संथ नाद. मुले दोन्ही ऐकत मोठी झाली.

या मुलांची कोंडी आपल्याला अपरिचित नाही. घराची भाषा एक, रस्त्याची दुसरी. आईवडिलांची गाणी शाळासोबत्यांसमोर लावण्याचा संकोच, आणि सोबत्यांच्या गाण्यांत आपले कोणी सापडत नाही ही रुखरुख. १९८०च्या दशकात या मुलांनी त्यावर आपला मार्ग काढला. रात्री बाहेर पडण्यास, विशेषतः मुलींना, घरून परवानगी नसे. म्हणून भांगड्याचे जलसे भरदुपारी होऊ लागले. त्यांना ‘डेटायमर’ असेच नाव पडले. भांगड्याच्या ध्वनिफिती खपत पुष्कळ. पण त्या विकल्या जात वाणसामानाच्या आणि कापडाच्या छोट्या दुकानांतून. लोकप्रियतेच्या अधिकृत याद्या ठरावीक दुकानांतील विक्रीवरून तयार होत. त्यामुळे घराघरांत वाजणारे हे संगीत त्या देशाच्या हिशेबवहीत जणू अस्तित्वातच नव्हते.

बर्मिंगहॅममधील ‘ओरिएंटल स्टार एजन्सीज’ या कंपनीकडे उपखंडातील संगीताचा मोठा साठा होता. बाली सागू तिच्यासाठी गाण्यांची नवी रूपे तयार करू लागले. १९९० साली ‘व्हॅम बॅम’ हा संग्रह आला. १९९१ साली नुसरत फतेह अली खान यांच्या गायनावर आधारलेला ‘मॅजिक टच’ प्रसिद्ध झाला. कव्वालीसारख्या सूफी परंपरेतील गायनाला नृत्यगृहाचा ताल द्यावा का, या प्रश्नावर जाणकारांची नाराजी स्वाभाविक होती. पण ज्या तरुणांनी दर्ग्यातील कव्वाली कधी ऐकली नसती, त्यांच्या कानांवर तो आवाज या वाटेने पडला, हेही तितकेच खरे.

हे काम वरवर दिसते तितके सोपे नाही. भांगड्याचा ठेका बहुधा आठ मात्रांचा, कहरव्याच्या घराण्यातला, झुलत चालणारा. पाश्चात्त्य नृत्यसंगीत चार-चार ठोक्यांचे. दोघांचा हिशेब जुळतो, पण चाल जुळत नाही. झोल सांभाळला नाही तर ढोल निर्जीव होतो. जास्त सांभाळला तर नाचणाऱ्याचे पाऊल चुकते. कोठे मूळ आवाज मोकळा सोडायचा आणि कोठे त्याच्याखाली खर्जातला नाद भरायचा, याचा विवेक हेच डीजेचे खरे कौशल्य होय.

१९९४ साली ‘बॉलिवूड फ्लॅशबॅक’ आला. त्यातील ‘चुरा लिया’ने मोठी लोकप्रियता मिळवली. १९७३च्या ‘यादों की बारात’मधील राहुलदेव बर्मन यांची ती चाल आणि आशा भोसले यांचा तो स्वर भारतीय श्रोत्यांच्या मनात कोरलेला. नव्या रूपात दुसऱ्या गायिकेचा आवाज, संथ रेगेचा नाद आणि मध्येच इंग्रजी रॅप आले. त्याच वर्षाच्या जानेवारीत बर्मन यांचे निधन झाले होते. ज्याच्या चालीवर परदेशातील तरुणाई डोलत होती, त्याचे नाव त्यांतील किती जणांना ठाऊक होते? रिमिक्सच्या साऱ्या व्यवहारावरील सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. गाणे पुढे जाते आणि कर्ता मागे राहतो. वारसा पुढे नेणाऱ्याने मूळ धन्याचे नाव मोठ्याने घेतले पाहिजे. ते ऋण नाकारले, तर उरते ती केवळ उचलेगिरी.

१९९६ साली त्यांचे ‘दिल चीज’ हे गाणे ब्रिटनच्या अधिकृत यादीत बाराव्या क्रमांकावर पोहोचले. ज्या याद्यांत एके काळी या संगीताला जागा नव्हती, तेथे हिंदी शब्द हिंदी राहूनच दाखल झाले. पुढे कॉव्हेंट्रीच्या पंजाबी एमसी यांचे ‘मुंडियां तो बच के’ २००३ साली त्याच यादीत पाचव्या क्रमांकावर गेले. लाभ जंजुआ यांनी गायलेले शब्द पंजाबीच होते. अर्थ न कळणारे लोकही त्यावर नाचले.

पालकहो, या कारकिर्दीतून एक गोष्ट स्पष्ट होते. भाषा काचेच्या कपाटात ठेवून टिकत नाही. पुढच्या पिढीला ती हाताळू द्यावी लागते, तिच्यात शेजारच्या भाषेचे चार सूर मिसळले तरी. मात्र हाताळण्यासाठी ती आधी हाती असावी लागते. बर्मिंगहॅमच्या त्या मुलांना नवे रचता आले, कारण घरात जुने वाजत होते. मराठी शाळेने साठ वर्षे हेच ‘जुने वाजते’ ठेवले आहे. घरी आलेले मूल स्थानिक भाषेच्या वळणाने मराठी बोलले, ओवीला गिटारची साथ देऊ लागले, तर त्याला हसू नये. त्याला ती ओवी पूर्ण शिकवावी, तिचा अर्थ सांगावा, ती जात्यावर गाणाऱ्या बायकांची आहे हे सांगावे आणि मग ठेका त्याला निवडू द्यावा.