मनावरील आघात व उपचार
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर गाव झोपलेले असताना किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. पुढे घरे बांधून झाली, तरी दगडी घरात झोपायची अनेकांची हिंमत होईना. मनाला बसलेल्या धक्क्याचा पंचनामा कोण करणार?

असा धक्का भूकंपानेच बसतो असे नाही. मळणी यंत्रात हात सापडणे, ट्रॅक्टर उलटणे, अंगावर वीज पडता पडता वाचणे, घरातल्याने विष घेतलेले पाहणे, ही कारणेही तेवढीच खरी. झोप उडते, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येतो, जरा आवाज झाला की माणूस दचकतो, ती जागा टाळतो. सुरुवातीचे काही आठवडे असे होणे स्वाभाविक आहे व बहुतेकजण आपोआप सावरतात. महिना उलटूनही त्रास राहिला व कामधंदा अडला, तर मात्र तो आजार समजावा. ही बाहेरची बाधा नव्हे.

यावर मुख्य उपचार बोलण्याचा आहे. साधारणपणे ८ ते १२ बैठका लागतात. ज्याचा हात यंत्रात गेला, त्याच्याकडून तज्ज्ञ तो प्रसंग सावकाश, पुन्हा पुन्हा सांगवून घेतात. मग बंद यंत्राजवळ उभे राहणे, नंतर चालू यंत्र लांबून पाहणे, असे टप्प्याटप्प्याने पुढे नेतात. धोका टळला आहे हे मनाला अनुभवानेच पटते. ‘माझ्याच चुकीने झाले’ हा सलही तपासून पाहिला जातो. आठवण काढताना डोळ्यांची हालचाल करवून घेण्याची एक पद्धत १९८९ पासून प्रसिद्ध आहे. तिचाही गुण येतो. काहींना गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण आजार चिघळतो.

घरच्यांनी काय करावे? पहिल्या दिवसांत ‘सांग, काय झाले’ म्हणून खोदू नये. ‘विसरून जा’ असेही म्हणू नये. विसरता येत असते तर तो विसरला नसता का? जेवण, झोप व सोबत यांकडे पाहावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली तर मात्र एकटे सोडू नये व त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. शासनाची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते व तेथे मराठीतून बोलता येते.