वाट करणारा शिपाई



फौजेतला माणूस म्हटला की बंदूक आठवते. पण फौजेत कारागीरही असतात. पूल बांधणे, रस्ता करणे, जमिनीत पुरलेले सुरुंग काढणे, ही त्यांची कामे. अशा जवानांना सॅपर म्हणतात. पुण्याजवळ खडकीला त्यांचे मोठे केंद्र आहे. त्यांतल्याच एकाची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

रामा राघोबा राणे हे कारवारकडच्या चेंडिये गावचे. जन्म १९१८ चा. वडील पोलीस शिपाई. १९४० साली रामा फौजेत गेले, साधे शिपाई म्हणून. ब्रह्मदेशच्या लढाईत होते. काम शिकत शिकत पुढे अधिकारी झाले.

१९४८ साली जम्मूकडचे राजौरी गाव शत्रूच्या हाती होते. ते सोडवायला नौशेऱ्याहून आपले रणगाडे निघायचे होते. पण शत्रूने डोंगरातला रस्ताच मोडून ठेवलेला. मोठाली झाडे आडवी टाकलेली. सुरुंग पेरलेले. मोऱ्या उडवलेल्या. वाटच नाही, तर रणगाडा जाणार कसा?

८ एप्रिलला सकाळी ११ वाजता राण्यांच्या टोळीवर तोफगोळे पडले. दोन जवान ठार झाले, पाच जखमी. जखमींत राणेही होते. तरी त्यांनी माणसे पुन्हा गोळा केली नि काम सुरू केले. रात्री १० पर्यंत ते चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला पुन्हा हजर. वरून गोळ्या येतच होत्या. झाडे दारूने उडवली. मोरी तुटली होती तिथे बगलेने वाट काढली. असे चार दिवस चालले. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत पोचली.

राण्यांना परमवीरचक्र मिळाले. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. तेव्हा वय ७६ होते. २०२३ साली अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव दिले.

धैर्य तर त्यांच्यापाशी होतेच. पण नुसत्या धैर्याने आडवे झाड हलत नाही. दारू कुठे नि किती भरायची, हेही ठाऊक असावे लागते.

बाबांनो, आपल्याही गावात पेन्शनीत निघालेले म्हातारे जवान असतात. कुणी फौजेत गवंडीकाम शिकलेला, कुणी इंजिन दुरुस्त करणारा. माणूस गेला की त्याच्या हातचे हुन्नर त्याच्याबरोबर जाते. म्हणून त्यांच्यापाशी जाऊन बसा. पोरांनाही न्या. काम कसे करता, ते विचारा. आता तुम्हाला लिहिता येते. ते सांगतील ते वहीत उतरवून ठेवा.