पानाचा ठसा

हिरव्या पानाचा ठसा कागदावर हिरवाच उमटेल, ही अपेक्षा बहुधा फसते. हरितद्रव्य वाफेंत टिकत नाहीं. टिकतो तो पानांतील तुरट अंश. त्याची लोहाशीं गांठ पडली म्हणजे काळसर रंग जन्मास येतो. हिरडा व हिराकस यांची जुनी शाई याच नात्यावर उभी होती.

पेठ वडगांवसारख्या बाजाराच्या गांवीं या कलेचें साहित्य दूर शोधावें लागत नाहीं. बांधावरच्या बाभळीचा पाला, परसांतील पेरूचीं पानें, पिवळ्या भूमीसाठीं डाळिंबाच्या सालीचा काढा आणि दुकानांतील तुरटी व हिराकस एवढ्यावर काम भागतें. कागद मात्र सुती चिंध्यांचा, चिवट हवा. अशा हातकागदाच्या धंद्यास जीवदान देण्यासाठींच १९४० सालीं पुण्यास हातकागद संस्था निघाली.

कागद तुरटीच्या पाण्यांत भिजवावा. पानें हिराकसाच्या अगदीं सौम्य पाण्यांतून काढून, शिरांची बाजू कागदाकडे करून मांडावीं. घडी दोन फळ्यांत घट्ट बांधून तासभर वाफवावी व निवल्यावरच उघडावी. हीं भांडीं पुन्हां स्वयंपाकास वापरूं नयेत.

रंग वनस्पतीचा, म्हणून तो निर्दोष, असें मात्र नव्हे. हळदीचा रंग उन्हानें उडतो. हिराकस अधिक पडला तर तो कालांतरानें कागदच खातो; युरोपांतील कित्येक जुन्या हस्तलिखितांत लोहाच्या शाईनें अक्षरांच्या जागीं भोंकें पाडलीं आहेत. म्हणून हिराकस चिमूटभरच घ्यावा. काळाभोर ठसा कागदासकट नाहींसा होण्यापेक्षां फिका ठसा पुढच्या पिढीच्या हातीं पडलेला बरा.