फाईल थांबते, मूल थांबत नाही

(बुलढाणा येथे सेवाकार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सेवाकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिबिरे, रक्तदान, औषधवाटप येते. हे सारे आवश्यकच आहे. परंतु आज मी ज्या सेवेविषयी बोलणार आहे, तिला फारसा पैसा लागत नाही. लागतो तो वेळ आणि चिकाटी.

लोणार तालुक्यातील एखाद्या खेड्यातले शेतमजूर जोडपे नजरेसमोर आणा. मूल दीड वर्षाचे झाले. जवळ भांडे आदळले तरी ते दचकत नाही. आजी म्हणते, "याचा बापही उशिराच बोलला होता." म्हणून आणखी काही महिने जातात. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून जिल्हा रुग्णालय. बालरोगतज्ज्ञ कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवतात. ते 'बेरा' चाचणी लिहून देतात. त्यासाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. चाचणीच्या वेळी बाळ शांत झोपलेले असावे लागते. पण एसटीच्या प्रवासाने शिणलेले, अनोळखी माणसांनी बावरलेले बाळ झोपत नाही. पुढची तारीख मिळते. त्या दिवशी सोयाबीनची सोंगणी असते आणि मजुरी बुडते.

यात कोणी दुष्ट नाही. ओपीडीत शंभर रुग्ण बसवून घेतलेला डॉक्टरही माणूसच आहे. प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या अवयवापुरता बरोबर असतो. परंतु हे मूल अखंड कोणाच्या स्वाधीन आहे, या प्रश्नाला उत्तर नसते. एका खिडकीवरचा निरोप दुसऱ्या खिडकीपर्यंत नेणारा टपालवाला म्हणजे बाप, आणि त्याला वैद्यकीय भाषा येत नाही. त्याच्या संतापाला आपण 'अडाणीपणा' म्हणून मोकळे होतो. वस्तुतः तो संताप न्याय्य आहे, कारण येथे दोन घड्याळे चालू आहेत.

पहिले घड्याळ मुलाचे. बालश्रवणशास्त्राचा सर्वमान्य दंडक असा आहे की, पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना प्रारंभ व्हावा. भाषा ग्रहण करण्याची मेंदूची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. तो काळ गेला की नंतर बसवलेले यंत्र ध्वनी देते. शब्द उमगणे मात्र फार कठीण होते.

दुसरे घड्याळ फाईलीचे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, हे मोठेच पाऊल होते. त्याखालील २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिना होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. कार्यालयाच्या दृष्टीने तीन महिने म्हणजे काहीच नाही. बालकाच्या दृष्टीने तो एक ऋतू आहे, आणि तो परत येत नाही.

योजना नाहीत असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. अंगणवाडी आणि शाळेत जाऊन बालके तपासणारी पथके त्यातूनच आली; जन्मजात बहिरेपणाचा त्यात समावेश आहे. केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून पात्र बालकांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळते; मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ते काम पाहते. मात्र जन्मतः बहिऱ्या बालकासाठी वयाची मर्यादा पाच वर्षांची आहे. ज्याचे निदानच चौथ्या वर्षी झाले, त्याच्या हाती कितीसा काळ उरतो? ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही गावाच्या पारापासून रुग्णालयाच्या खिडकीपर्यंतचे अंतर कोणतीही इमारत आपोआप कापत नाही. ते माणसांनीच कापावे लागते.

म्हणून माझे सांगणे तीन गोष्टींपुरते आहे. एक, आपल्या वस्तीतील प्रत्येक नवजात बाळाविषयी आशाताईंकडे चौकशी करा; बाळ आवाजाकडे वळते का, एवढे विचारा आणि शंका येताच 'बोलेल उशिरा' हे वाक्य घरात थांबवा. दोन, अशा प्रत्येक कुटुंबामागे एक सोबती उभा करा. सर्व कागद एका फाईलीत, तारखा एका वहीत. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधी लिहिलेले. तपासणीनंतर "आता पुढे कोठे, कोणाकडे, केव्हा?" हे तिथेच नम्रपणे पण ठामपणे विचारणे हे त्या सोबत्याचे काम. तीन, यंत्र बसले म्हणजे काम संपले असे मानू नका. नंतर वर्ष-दोन वर्षे वाचा-उपचार लागतात आणि पालक बहुधा तेथेच थकतात. दिव्यांगांसाठी कार्यरत 'सक्षम'सारख्या संस्थांची जोड तेथे घ्यावी.

सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे. राष्ट्र घडते ते आईच्या मांडीवर, हे जिजाऊंच्या या भूमीला वेगळे सांगायला नको. परंतु आईचे बोल ऐकूच येत नसतील तर ते संस्कार मुलापर्यंत पोहोचायचे कसे? शासनाला जाब विचारावा, तो आपला अधिकार आहे. पण उत्तर येईपर्यंत मूल वाढायचे थांबत नाही. तोवर त्या बापाच्या बाजूला, रांगेत, आपल्यापैकी एक जण उभा असला पाहिजे.