टी-वन म्हणजे काय?



आपल्या गणिताच्या बाई आठवतात ना? उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नाही, तर अर्धा गुण कापायच्या. वर विचारायच्या, "५ काय? आंबे की किलोमीटर?" तेव्हा राग यायचा. त्या प्रश्नाची किंमत मला २०१८ च्या दिवाळीआधी कळली.

२ नोव्हेंबरच्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीला गोळी घातली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. वनखात्याच्या नोंदीत ती 'टी-वन'. दुसऱ्या दिवशी आपल्या गोरेवाड्यात शवविच्छेदन झालं. मी पुण्यात त्याच बातम्या वाचत होते. संध्याकाळी नागपूरहून भावाचा मेसेज आला, "टी-वनच आहे." मी लगेच लिहिलं, "वाचलं. फार वाईट झालं."

भाऊ तेव्हा आईजवळ बसला होता. आईच्या स्तनातली गाठ काढली होती. सोमवारी येणारा रिपोर्ट शनिवारीच आला होता. माझं उत्तर आईनेही वाचलं. ती त्या रात्री जेवली नाही. दहा वाजता तिचा फोन आला, "खरं सांग, इतकं वाईट आहे का गं?"

मला काही कळेचना. मग भावाने उलगडा केला. कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये 'टी' म्हणजे गाठ. स्तनाच्या बाबतीत 'टी-वन' म्हणजे ती २ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान. डॉक्टरांनी त्याला "लवकर सापडली" असंच सांगितलं होतं. बातमी त्यातल्या त्यात चांगली होती.

आम्हा इंजिनिअरांना 'टी-वन' म्हणजे अमेरिकेतली २४ चॅनेलची टेलिफोन लाइन. आपल्याकडे ३० चॅनेलची 'ई-वन' वापरतात. एमआरआय काढणाऱ्याला टी-वन म्हणजे चरबी उजळ आणि पाणी काळं दाखवणारी प्रतिमा. मुंबईच्या टॅक्सीवाल्याला ते विमानतळाचं सांताक्रूझकडचं टर्मिनल. ज्याच्या त्याच्या जागी प्रत्येकाचं बरोबरच. घोटाळा होतो तो अक्षरं एका घरातून दुसऱ्या घरात जाताना.

मी दिवसभर प्रोग्राममधल्या चुका शोधते, पण "कोणतं टी-वन?" हे दोन शब्द मला विचारता आले नाहीत.

आई आता बरी आहे. घरच्या ग्रुपवर आम्ही पूर्ण वाक्यं लिहितो. आणि बाई, तो अर्धा गुण मी आता परत मागत नाही.